घाटघरच्या यंत्रांना मर्यादा घालताना

शहापूर तालुक्यात चोंढ्याला घाटघर प्रकल्पाचा खालचा जलाशय आहे. वरचा घाटमाथ्यावर, अकोले तालुक्यात. भूमिगत वीजगृहात 125 मेगावॅटची दोन यंत्रं. मागणी वाढली की ती वीज देतात, मागणी उतरली की तेच पाणी पुन्हा वर चढवतात.

ग्रीडचं मॉडेल शिकणाऱ्याने हे यंत्र एकदा तरी मांडून पाहावंच. साध्या जनित्राला किमान आणि कमाल मर्यादा दिली की भागतं. इथे पाणी चढवताना यंत्र वीज देण्याऐवजी घेतं, म्हणून किमान मर्यादा चक्क उणे! ग्रीड मांडायच्या पायप्सा (PyPSA) या सॉफ्टवेअरमध्ये स्टोरेज युनिट घेतलं की ते ही मर्यादा आपोआप पूर्ण क्षमतेइतकी उणे धरतं, आणि मग खुशाल ‘उणे 37 मेगावॅट’ असं उत्तर देतं. प्रत्यक्षात ठरावीक गतीचं यंत्र पाणी चढवताना पूर्ण भार घेतं, नाहीतर बंद असतं. मधलं काही नाही. म्हणून पाणी चढवण्यासाठी 0 किंवा 1 असा चालू-बंदचा वेगळा चल हवाच. जलाशयातलं पाणी किती तास पुरेल, हेही सांगावं लागतं.

मुरबाडच्या माळशेज घाटातही असा प्रकल्प प्रस्तावित आहे. तिथे बदलत्या गतीची यंत्रं आली, तर मधला पट्टाही वापरता येईल. घाटघर मांडताना मात्र उणे बाजूची मर्यादा आधी तपासा.