मच की मेनी? चला, खंडाळ्याला!

काय दोस्तांनो, पावसाळ्यात रेल्वेने खंडाळ्याचा घाट चढला आहात ना? कर्जतला गाडीला मागून ढकलणारी जादा इंजिनं जोडतात, गाडी घाटाला लागते आणि डब्यातली सगळी पोरं खिडकीशी जमतात. एक बोगदा, दोन बोगदे, तीन... १८६३ साली हा घाटमार्ग सुरू झाला तेव्हा त्यात २५ बोगदे होते. मोजता मोजता कुणीतरी चुकतं आणि मग भांडण सुरू! पण 'एक धुकं, दोन धुकी' असं कुणाला मोजताना ऐकलंय का?

बोगदा मोजता येतो, धुकं मोजता येत नाही. इंग्रजीतल्या 'मेनी' आणि 'मच'ची भानगड इथेच सुरू होते. बोगद्यांना मेनी, धुक्याला मच. 'हाऊ मेनी टनेल्स?' पण 'हाऊ मच फॉग?' आपल्याला मराठीत ही कटकट नाही. खूप बोगदे, खूप धुकं. किती माकडं, किती पाऊस. एकच शब्द दोघांना पुरतो. म्हणून तर आपण बिनधास्त 'हाऊ मच बॉईज' म्हणून मोकळे होतो, आणि वर्गात हशा पिकतो.

पण थांबा हं. मराठीला हा फरक कळतच नाही असं समजू नका. 'बरंच पाणी' आणि 'बरीच माकडं' म्हणताना तुमची जीभ आपोआप वळते की नाही? पाऊस 'पडला', पण थेंब 'पडले'. आपण शब्द तोच ठेवतो आणि त्याची शेपटी बदलतो, इंग्रज माणूस अख्खा शब्दच बदलतो. म्हणजे निम्मा धडा तुम्हाला घरूनच येतो!

आता लोणावळा-खंडाळ्याला आलोच आहोत, तर चिक्कीच्या दुकानात शिरू या. चिक्कीत काय असतं? शेंगदाणे आणि गूळ. दाणे मोजता येतात (कुणी मोजत बसत नाही, पण येतात!), म्हणून 'मेनी पीनट्स'. गूळ वजनाने घ्यायचा, म्हणून 'हाऊ मच जॅगरी?' चिक्की स्वतः मोजायची झाली तर तिचे तुकडे करायचे, नाहीतर डबे मोजायचे. 'टू पीसेस ऑफ चिक्की', 'थ्री बॉक्सेस ऑफ चिक्की'. पाण्याचे ग्लास, ब्रेडच्या स्लायसेस, तसंच हे. चहाचं मात्र दोन्हीकडे सारखंच आहे. आपण हॉटेलात 'दोन चहा' म्हणतो, तसे तेही ऑर्डर देताना 'टू टीज' म्हणतात.

चिक्की घेतली, आता पैसे द्यायचे. इथे भलेभले आपटतात. मराठीत 'पैसे' अनेकवचनी, शिवाय आपण ते मोजूनही घेतो. मग 'मेनी मनी' का नाही? कारण मोजतो ते रुपये, नोटा, नाणी. 'हाऊ मेनी रुपीज' चालतं, पण 'मनी' हा शब्द इंग्रजीने गुळाच्या पंगतीला बसवलाय: 'हाऊ मच मनी?' तेव्हा वस्तू मोजता येते की नाही, एवढ्यावर विसंबू नका. त्या भाषेने तो शब्द कुठे बसवलाय ते बघा. आपण तांदूळ 'निवडले' म्हणतो, केस 'कापले' म्हणतो. त्यांचे 'राइस' आणि डोक्यावरचे 'हेअर' मात्र न मोजायचे. उलट 'माहिती'च्या बाबतीत आपलं आणि त्यांचं एकमत आहे. आपण 'माहित्या' म्हणत नाही, त्यांनाही 'इन्फर्मेशन्स' चालत नाही.

फारच गोंधळ उडाला तर 'अ लॉट ऑफ' म्हणा. ते आपल्या 'खूप'सारखं दोघांनाही चालतं. शिवाय 'इट रेन्स मच' पेक्षा 'वी गेट अ लॉट ऑफ रेन' हे कानाला बरं वाटतं. 'मच' जास्त शोभतो तो प्रश्नात आणि नकारात.

आता माझीच एक फजिती सांगतो. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असे (२००० सालापासून ते पहिलीपासून आलं), त्यामुळे माझं इंग्रजी कामचलाऊच. कॉलेजात असताना आम्ही लोणावळ्याहून राजमाचीला पायी निघालो होतो. मे महिना, साधारण १५ किलोमीटरची चाल. वाटेत दक्षिणेकडचे एक गृहस्थ भेटले, बरोबर त्यांची दोन लहान मुलं. बाटल्या संपत आलेल्या. त्यांनी इंग्रजीत विचारलं, पुढे गावात पाणी मिळेल का? मला म्हणायचं होतं, 'हो, थोडंसं मिळेल.' मी म्हणालो, 'देअर इज लिटल वॉटर.'

त्यांचा चेहरा उतरला. मुलांचा हात धरून ते तिथूनच उन्हात माघारी फिरले. आम्ही पुढे उधेवाडीत पोचलो, तर एका आजींनी आमच्यापुढे भरलेली कळशी ठेवली!

चूक कुठे झाली? एका 'अ'ची. 'अ लिटल वॉटर' म्हणजे थोडंसं का होईना, पाणी आहे. नुसतं 'लिटल वॉटर' म्हणजे जवळजवळ नाहीच. आपल्याकडे हे काम 'च' करतो: 'थोडंसं पाणी आहे' आणि 'थोडंच पाणी आहे' म्हणून बघा. मोजता येणाऱ्यांना हीच जोडी 'अ फ्यू' आणि 'फ्यू' अशी होते. 'आय हॅव अ फ्यू फ्रेंड्स' म्हणजे मला चार मित्र आहेत. 'आय हॅव फ्यू फ्रेंड्स' म्हणणाऱ्या मुलाला मात्र डबा खायला तुमच्यात बोलवा, तो एकटा पडलाय.

चला, आता तुमची पाळी. आई-बाबांनाही बसवा खेळायला. मच की मेनी? वॉटरफॉल्स, लगेज, बॅग्ज, होमवर्क, मंकीज, न्यूज.

उत्तरं: वॉटरफॉल्स, बॅग्ज आणि मंकीज यांना मेनी, लगेज, होमवर्क आणि न्यूज यांना मच. न्यूजला फसलात ना? शेवटी 'एस' असला तरी तो शब्द एकवचनी आहे, बरं का!