बाहुलीचे घर, आपले घर

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील १८ क्रमांकाच्या चैत्यगृहासमोर आम्ही विद्यार्थ्यांसह नेहमी थांबतो. लाकडी बांधकामातील कमानी आणि कठडे तेथे कारागिरांनी पाषाणात हुबेहूब कोरले आहेत. ओळखीची वास्तू दुसऱ्या साहित्यात घडविण्याची हीच रीत आम्ही पुठ्ठ्याच्या बाहुलीघरात अनुसरतो.

प्रथम प्रमाण ठरवावे. एका फुटास एक इंच हे प्रमाण जगभर रूढ आहे. १९२४ साली पूर्ण झालेले इंग्लंडच्या राणी मेरीचे बाहुलीघरही याच मापाचे आहे. म्हणजे १० फुटांची खोली १० इंचांची आणि ५ फुटांची आई ५ इंचांची. माप चुकले, की चुलीपुढची आई राक्षसीण भासते. दारे-खिडक्या आधी कापाव्यात, भिंती आडव्या असतानाच रंगवाव्यात, मगच खळीने जोडाव्यात. खोक्याच्या पुठ्ठ्याचा वरचा कागद किंचित ओलसर करून सोलला, की आतील पन्हळ उघडी पडते. वाळल्यावर तेच पत्र्याचे छप्पर. काड्यापेट्यांचे फडताळ, चिंध्यांची गोधडी, मातीची चूल.

वसतिगृहातील मुले आरंभी बंगलेच बांधू पाहतात. आम्ही एवढेच सांगतो : ज्या घराची मापे तुम्हांस ठाऊक आहेत, ते बांधा. मग पत्र्याची एकच खोली उभी राहते, भिंतीवर बाबासाहेबांचे इवलेसे चित्र लागते आणि त्या खोलीविषयीचा संकोच हळूहळू मावळतो. सुटीहून परतताना मुले दोरीला गाठ मारून घरच्या दाराची उंची घेऊन येतात.