जुगार सीमेपलीकडे, नियंत्रण सीमेअलीकडे

परवाना मागणाऱ्या कंपनीचा पूर्वेतिहास परदेशातील नियंत्रकाकडून मागवणे, संशयास्पद पैजांची खबर वेळीच एकमेकांना देणे आणि विनापरवाना चालणाऱ्या संकेतस्थळांवर मिळून कारवाई करणे, ही जुगार नियंत्रकांच्या आंतरराष्ट्रीय सहकार्याची मुख्य कामे. असे सहकार्य नसले की काय होते, हे नागपूरने दोनदा पाहिले आहे.

19 मार्च 2000 रोजी सिव्हिल लाइन्समधील विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या मैदानावर भारत आणि दक्षिण आफ्रिका यांचा एकदिवसीय सामना झाला. पाहुण्यांचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए याने हर्शेल गिब्जला वीसपेक्षा कमी धावा काढण्यासाठी आणि हेन्री विल्यम्सला दहा षटकांत पन्नासहून अधिक धावा देण्यासाठी प्रत्येकी 15 हजार डॉलरचे आमिष दाखवले होते. प्रत्यक्षात गिब्जने 74 धावा काढल्या आणि विल्यम्स 11 चेंडू टाकून जखमी झाला. बेत फसला, तरी सौदा उघडकीस आलाच. तोही कोणा नियंत्रकामुळे नव्हे. दिल्ली पोलीस खंडणीच्या एका प्रकरणात दूरध्वनी ऐकत होते, त्यात क्रोनिए आणि एका बुकीचे संभाषण सापडले. पुढे केपटाऊनमध्ये चौकशीसाठी किंग आयोग बसला, आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने भ्रष्टाचारविरोधी पथक उभारले, क्रोनिएवर आजन्म बंदी आली. मात्र तो लंडनमधला संशयित बुकी भारताच्या ताब्यात यायला फेब्रुवारी 2020 उजाडले, आणि भारत-ब्रिटन प्रत्यार्पण करार तर 1992 पासूनचा आहे.

पोलीस आणि न्यायालयांचा हा मार्ग स्वभावतःच लांबचा. आरोप दोन्ही देशांत गुन्हा ठरावा लागतो, पुरावे तिथल्या न्यायालयासमोर टिकावे लागतात, त्यावर अपिले होतात. नियंत्रकांमधला मार्ग त्याहून जवळचा असतो. ब्रिटनमध्ये परवानाधारक कंपनीला संशयास्पद पैज जुगार आयोगाला कळवावीच लागते आणि आयोग ती माहिती क्रीडासंस्थांना व परदेशी नियंत्रकांना देऊ शकतो. ब्रिटिश ग्राहकाकडून पैज घेणारी कंपनी जगात कुठेही असो, 2014 च्या कायद्याने तिला ब्रिटनचाच परवाना घ्यावा लागतो. सामनेनिश्चितीविरुद्धचा युरोप परिषदेचा माकोलिन करार 1 सप्टेंबर 2019 पासून लागू आहे. प्रत्येक सदस्य देशाने अशा माहितीसाठी एक राष्ट्रीय केंद्र नेमावे, ही त्यातली मोलाची तरतूद. भारत या करारात नाही.

भारताची अडचण मुळापासूनची आहे. राज्यघटनेनुसार पैजा आणि जुगार हा राज्यांचा विषय. महाराष्ट्राचा जुगार प्रतिबंधक कायदा 1887 चा. तो अड्डा, पत्ते आणि फडावरची रोकड डोळ्यांपुढे ठेवून लिहिला गेला. 1976 चा कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नाही आणि 2023 मध्ये रद्द झाला. शेजारच्या गोव्यात मात्र मांडवीत कॅसिनोची जहाजे उभी आहेत. अशा देशाशी परदेशी नियंत्रकाने पत्रव्यवहार करायचा, तर कोणाशी?

2023 मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन सट्ट्यात सुमारे 58 कोटी रुपयांची फसवणूक झाल्याची तक्रार दिली, तेव्हा हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. पोलिसांनी गोंदियात छापा घालून कोट्यवधींची रोकड आणि सोने जप्त केले. संशयित दुबईला निघून गेला होता. संयुक्त अरब अमिरातीशी भारताचे प्रत्यार्पणाचे आणि फौजदारी प्रकरणांतील परस्पर साहाय्याचे करार 1999 पासून आहेत, पण तोही पुन्हा पोलीस आणि न्यायालयांचाच मार्ग. त्या देशाने स्वतःचा जुगार नियंत्रक सप्टेंबर 2023 मध्ये नेमला, म्हणजे या तक्रारीनंतर.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. पैसे लावून खेळण्याच्या सर्व ऑनलाइन खेळांवर त्याने बंदी घातली. परदेशातून भारतात दिली जाणारी सेवाही त्याच्या कक्षेत येते. पुरवठादाराला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. राष्ट्रीय प्राधिकरणाची तरतूदही त्यात आहे. त्या प्राधिकरणाने माल्टा, कुरासाव यांसारख्या ऑनलाइन जुगाराचे परवाने देणाऱ्या ठिकाणांच्या, तसेच ब्रिटन आणि अमिरातीच्या नियंत्रकांशी माहितीचे करार केले नाहीत, तर बंदी कागदावरच राहील; बंद केलेले संकेतस्थळ दुसऱ्या नावाने लगेच उघडता येते.

तोवर वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे: संकेतस्थळावर कुरासावचा परवाना झळकत असला, तरी तो नागपुरातल्या खेळणाऱ्याला कसलेही संरक्षण देत नाही. फसवणूक झाली असेल तर वेळ न दवडता 1930 या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.