अनेक लेखक, एक सूत्र

विज्ञानकथांच्या प्रत्येक पुस्तकाला आपण सरसकट कथासंग्रह म्हणतो. जयंत नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' हा संग्रहच आहे, कारण सर्व कथा एकाच लेखकाच्या. सूत्रबद्ध संकलन (एका विषयावरच्या, अनेक लेखकांच्या निवडक कथांचे पुस्तक) मात्र वेगळे. बोरिवली लोकलमधली एकादशीची अंगतपंगत आठवा: डबे निरनिराळ्या घरचे, पण सगळे उपासाचे. काय चालेल ते आधीच ठरलेले. संकलनात हे संपादक ठरवतो, कथांचा क्रमही तोच लावतो. त्याचे काम नुसत्या गोळाबेरजेचे नसते. बाळ फोंडके संपादित 'इट हॅपन्ड टुमॉरो'त (नॅशनल बुक ट्रस्ट, १९९३) विविध भारतीय भाषांतल्या १९ विज्ञानकथा इंग्रजीत एकत्र आल्या. काम मोलाचे, पण सूत्र सैल. विषयाचे नव्हे, कथाप्रकाराचे. मराठीत केवळ यंत्रमानवावर किंवा समुद्रात बुडणाऱ्या मुंबईवर बेतलेली संकलने मला मनापासून वाचायची आहेत.