एक लॉगिन, अनेक सेवा

एकल साइन-इन म्हणजे एकदाच लॉगिन करून अनेक सेवा वापरण्याची सोय. पेडण्याचा किंवा डिचोलीचा नागरिक २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘मेरी पहचान’मधून डिजिलॉकरच्या एकाच खात्यावर निरनिराळ्या सरकारी सेवा उघडू शकतो.

अशी सोय आतून कशी उभी राहते, ते पाहू. मोठ्या वेबसेवा आज अनेकदा कंटेनरांच्या, म्हणजे एकमेकांपासून वेगळ्या चालणाऱ्या सॉफ्टवेअर-डब्यांच्या, समूहात चालतात. गुगलने २०१४ मध्ये खुली केलेली कुबरनेटीस ही प्रणाली असे समूह सांभाळते. प्रत्येक कंटेनरात लॉगिन वेगळे लिहिले, तर एखादे कच्चे राहतेच. म्हणून तपासणी ‘इन्ग्रेस’ या प्रवेशद्वारावरच करणे शहाणपणाचे. विनंतीसोबत वैध कुकी, म्हणजे आधी लॉगिन झाल्याची ब्राउझरमधली खूण, नसेल, तर ब्राउझर ओळखसेवेकडे वळवला जातो. तिथे ओटीपी जुळला, की ब्राउझर एक तात्पुरता कोड घेऊन परततो. त्या कोडच्या बदल्यात प्रवेशद्वार सही केलेले टोकन मिळवते, सही व मुदत पडताळते आणि कुकी देते. आतल्या सेवेला वापरकर्ता हेडरमधून, म्हणजे विनंतीला जोडलेल्या माहितीतून, कळतो. बाहेरून आलेला तसाच हेडर मात्र आधी पुसायलाच हवा. नाहीतर कोणीही दुसऱ्याच्या नावाने आत शिरेल. ही चूक सर्वांत घातक.

इथवर फक्त ओळख पटते. मामलेदार कार्यालयातल्या कर्मचाऱ्याने कोणते अर्ज उघडावेत, हे आतली सेवाच ठरवते.