बाळंतिणीचे ‘समाधान’ : मोजमापातील एक भाषिक प्रश्न

प्रसूतिसेवेविषयी स्त्रियांचे समाधान मोजणे हा वरकरणी वैद्यकाचा किंवा संख्याशास्त्राचा विषय वाटतो. त्यातील अडचण मात्र बरीचशी भाषेची आहे. केंद्र शासनाने 2017 मध्ये सुरू केलेल्या ‘लक्ष्य’ योजनेत रुग्णालयांना प्रोत्साहनपर रक्कम देण्यासाठी ज्या अटी घातल्या, त्यांत किमान 80 टक्के लाभार्थी समाधानी असावेत अशीही एक अट आहे. तेव्हा या शब्दाला आता पैशाचेही मोल आले आहे.

इंग्रजी प्रश्नावलीला अभिप्रेत असते ते सेवेचे मूल्यमापन. मराठीत समाधान ‘मानले’ जाते, किंबहुना ‘मानून घेतले’ जाते. म्हणजे ते घडविण्याचा भार सेवा घेणारीवरच पडतो. अल्पसंतुष्टता तर आपल्याकडे गुणातच मोडते. मग ‘आपण समाधानी आहात काय?’ या प्रश्नाला मिळालेले ‘होय’ हे रुग्णालयाचे माप की बाईच्या सोशिकपणाचे? त्यातच बाळंतपणाची आपली भाषा सुटकेची आहे : बाई ‘सुटली’, ‘मोकळी झाली’. मूल सुखरूप हाती आल्यावर प्रसूतिकक्षात ऐकावे लागलेले शब्द कोण काढणार? अर्थात हा केवळ मराठीचा दोष नव्हे. जे वाट्याला आले तेच उत्तम मानण्याकडे स्त्रियांचा कल असतो, हे पोर्टर व मॅकिन्टायर यांनी 1984 मध्ये स्कॉटलंडमधील स्त्रियांविषयीही दाखविले होते.

टेंभी नाक्याजवळ अनेक दशके चाललेल्या ठाण्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयासारख्या ठिकाणी ही अडचण वाढते. शहापूर-मुरबाडची वारली किंवा ठाकूर स्त्री, खाडीकाठची आगरी स्त्री आणि उत्तरेकडून आलेल्या कामगाराची पत्नी यांची बोली एक नसते. लायकर्टच्या 1932 सालच्या पद्धतीतील ‘अंशतः असहमत’ ही पायरी तोंडी विचारली, तर उत्तर बहुधा ‘बरं होतं’ असे येणार. ‘बरे’ म्हणजे चांगले, चालण्याजोगे, की दुखणे थांबले एवढेच? खूण कोठे करावयाची हे मग विचारणाराच ठरवितो.

यापेक्षा घडलेले विचारावे. तपासणीपूर्वी सांगितले होते काय? पडदा ओढला होता काय? हाक नावाने मारली की खाटेच्या क्रमांकाने? सोबतीला कोणास येऊ दिले? अशा प्रश्नांना समाधान मानण्याची सवय फारशी आड येत नाही. ते रुग्णालयातून निघताना परिचारिकेने विचारू नयेत. सव्वा महिना सरल्यावर, माहेरी, सेवेशी संबंध नसलेल्या व्यक्तीने विचारावेत. मात्र त्या वेळी बाळंतिणीची आई जवळ असल्यास उत्तर पुष्कळदा तीच देते, आणि मुलाखत घेणाऱ्याने त्याचीही नोंद ठेवली पाहिजे.