खिशातली अवजारपेटी : पारखायची कशी?

घरातले नेलकटर एकदा नीट उघडून पाहा. नखे कापण्याच्या धारांखेरीज त्यात छोटी कानस असते. पुष्कळ नेलकटरांत लहानसे पाते व बाटलीचे झाकण काढण्याचा आकडाही असतो. म्हणजे ‘एकात अनेक’ अवजारे तुमच्या परिचयाचीच आहेत. बाजारात मिळणारे घडीचे बहुउपयोगी चाकू ही नेलकटरची मोठी भावंडे. असा एखादा चाकू घ्यायचा झाला, तर तो पाती मोजून निवडावा काय? मुळीच नाही. त्याचीही शास्त्रीय परीक्षा घेता येते.

शिपायाचा चाकू

१८९१ साली कार्ल एल्सनर या स्विस कारागिराने आपल्या देशाच्या सैन्याला घडीचे चाकू पुरवण्यास सुरुवात केली. त्या चाकूत चारच गोष्टी होत्या : पाते, भोके पाडण्याची आरी, डबा उघडण्याचे पाते आणि स्क्रू-ड्रायव्हर. स्क्रू-ड्रायव्हर कशाला? तर शिपायाच्या नव्या बंदुकीचे भाग सुटे करण्यासाठी! आधी गरज, मग अवजार, असा हा क्रम होता. १८९७ साली एल्सनरने अधिकाऱ्यांसाठी हलका चाकू काढला. त्यात दोनच स्प्रिंगांवर सहा अवजारे बसवली होती. पुढे १९८३ साली अमेरिकेत टिम लेदरमन याने पक्कड हा मुख्य भाग ठेवून घडीचे अवजार विक्रीस आणले.

कठीण की चिवट?

चाकूची सगळी पाती सारखीच कठीण हवीत, असे तुम्हांला वाटेल. पण पोलाद जितके कठीण करावे तितके ते ठिसूळ होत जाते. धार टिकायची तर कठीणपणा हवा. स्क्रू पिळताना टोक मोडू नये म्हणून चिवटपणा हवा. आणि स्प्रिंगला तर पुनःपुन्हा वाकून सरळ व्हायचे असते. म्हणून एल्सनरच्या व्हिक्टोरिनॉक्स कारखान्यात रॉकवेल मापाने पात्याची कठीणता सुमारे ५६, कात्रीची ५३, स्क्रू-ड्रायव्हरची ५२ आणि स्प्रिंगची ४९ ठेवतात.

पाते गंजत नाही ते क्रोमियममुळे. हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन त्याचा अतिशय पातळ थर पृष्ठभागावर तयार होतो व आतल्या लोखंडाचे रक्षण करतो. आता एक गंमत करून पाहा. स्टेनलेस स्टीलच्या वाटीला बहुधा लोहचुंबक चिकटत नाही, पण चाकूच्या पात्याला चिकटतो! म्हणून पाते खोटे ठरत नाही. उष्णता देऊन कठीण करता येणाऱ्या स्टेनलेस पोलादाची अंतर्रचना वेगळी असते आणि ते चुंबकाकडे ओढले जाते.

जोराचा हिशेब

साध्या स्क्रू-ड्रायव्हरची मूठ ३ सें.मी. जाड असेल, तर बोटांचा जोर अक्षापासून १.५ सें.मी. अंतरावर लागतो. चाकूचा स्क्रू-ड्रायव्हर काटकोनात उघडून मुठीवर ७.५ सें.मी. अंतरावर तेवढाच जोर लावला, तर पीळ पाचपट बसतो. मात्र आखूड टोक खोल बसलेल्या स्क्रूपर्यंत पोचत नाही आणि बिजागरी ढिली असेल तर पाते मिटून बोटावर येते. म्हणून पाते उघडून हलकेच दोन्ही बाजूंना हलवून पाहा. ते डुगडुगता कामा नये. उघडे पाते जागीच अडकवून ठेवणारा खटका आहे की नाही, हेही पाहा.

महिनाभराची वही

आता खरा प्रयोग. ३० दिवस एक वही ठेवा. कोणते अवजार किती वेळा लागले, याची रोज नोंद करा. मग प्रत्येक अवजाराच्या कामाला ५ पैकी गुण द्या आणि गुणांना वापराच्या संख्येने गुणा. समजा, कात्री १० वेळा लागली व तिला ४ गुण मिळाले, तर झाले ४०. बुचाचे मळसूत्र कितीही सुबक असले तरी एकदाही लागले नाही, तर गुण शून्यच! शेवटी सर्व गुणांची बेरीज करून तिला चाकूच्या वजनाने भागा. एकाच वहीवरून दोन चाकू ताडून पाहिले, म्हणजे ‘अठरा अवजारे’ या जाहिरातीतला फुगवटा तुमच्या लक्षात येईल.

येथे मात्र नको!

असा चाकू विजेच्या कामाला कधीही वापरू नका. मूठ प्लॅस्टिकची दिसली तरी रिव्हेट व स्प्रिंगा धातूच्या असतात आणि बोट त्यांना सहज लागते. घरातील २३० व्होल्टचा धक्का जीव घेऊ शकतो. चाकू शाळेत किंवा विमानात जवळ बाळगू नका, आणि वरील प्रयोग वडीलधाऱ्यांच्या देखतच करा.

वहीतल्या नोंदी पाहून कदाचित असेही दिसेल, की तुम्हांला एक बरी कात्री आणि एक साधा स्क्रू-ड्रायव्हर पुरेसा आहे. तसे दिसले तर पैसे वाचले म्हणून आनंद माना. प्रयोग यशस्वीच झाला!